वाघचौरे साहेबांच्या दोन खुर्च्या

आमच्या कंपनीत वाघचौरे साहेबांना भेटायला आलेला माणूस आधी माझ्या टेबलापाशी थांबायचा. साहेब आहेत का, असं कुणी विचारत नसे. ते असायचेच, रजा घेण्यात त्यांना कमीपणा वाटे. लोक हळूच विचारत, "मॅडम, साहेब कुठल्या खुर्चीवर हायेत?" माझं टेबल त्यांच्या काचेच्या केबिनला अगदी खेटून होतं. मी मान न वळवता, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून सांगायचे, "लाकडी." हे ऐकलं की रजेचा अर्ज घेऊन आलेला माणूस अर्जाची घडी घालून आल्या पावली परत जायचा. "फिरती," म्हटलं की तोच माणूस केसांवरून हात फिरवून, चेहऱ्यावर थोडं दुःख आणून आत शिरायचा. माझ्या हुद्द्याचं नाव 'पीपल अँड कल्चर ऑफिसर' असं होतं. त्यातलं पीपल म्हणजे हे लोक आणि कल्चर म्हणजे ही खुर्ची सांगणं. बाकी कामं सवड मिळाली तर.

आमचा कारखाना पैठण रोडला, चितेगावात. दुचाकीच्या पुढच्या दिव्यावर जे पारदर्शक झाकण असतं ते आम्ही बनवतो. ते प्लास्टिकचं असतं, पण कारखान्यात सगळे त्याला काचच म्हणतात. वाघचौरे इथले प्रमुख. मूळचे सिल्लोडकडचे, घरी मक्याची शेती, शिकून शहरात आलेले आणि याच कारखान्यात सुपरवायझरपासून एकेक पायरी चढत वर गेलेले. उंच, सडसडीत बांधा, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात पेनाच्या जागी छोटी टॉर्च. भर दुपारीसुद्धा ते मशीनखाली टॉर्च मारून बघत. तिथं काही सापडलं तर मशीनवाल्याची खैर नसे, आणि नाही सापडलं तर ते थोडे खट्टू होत.

त्यांची आणखी एक खोड होती. कुठल्याही टेबलाला किंवा खुर्चीला हात लागला की ते आधी ती हलवून बघत. डुगडुगली की पॅकिंग विभागातून पुठ्ठ्याचा तुकडा मागवायचा, त्याची नीट घडी घालायची, वाकून पायाखाली सारायची, पुन्हा हलवून बघायचं. ही खोड कारखान्यापुरती असती तर ठीक होतं. माझे सासरे गेले तेव्हा साहेब छावणीतल्या आमच्या घरी भेटायला आले. रीतसर गप्प बसले. सासूबाई रडत होत्या, मी पदराशी चाळा करत होते, आणि साहेब दोन बोटांनी समोरचा टीपॉय हलवत होते. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "एखादा पुठ्ठा हाये का घरात?" सासूबाई रडता रडता थांबल्या आणि उठून पुठ्ठा घेऊन आल्या. टीपॉय अजून आहे. सासूबाई अजून सांगतात की एवढी माणसं येऊन गेली, पण कामाचा तो एकच आला.

स्तुती करणं त्यांना जमत नसे. महिनाभराचा माल वेळेत गेला, गिऱ्हाइकाचं कौतुकाचं पत्र आलं, तरी साहेबांचं आपलं एकच, "ठीक हाये. आता पुढचं." हे वाक्य ज्याच्या वाट्याला येई तो त्या दिवशी घरी मिठाई नेत असे. कारखाना असा वर्षानुवर्षं चालला होता. माल वेळेत जात होता, पगार वेळेत होत होता, आणि आपल्यात कशाची तरी उणीव आहे हे कुणाच्या लक्षातही आलेलं नव्हतं.

ते लक्षात आणून दिलं धाकट्या मालकांनी. ते परदेशात शिकून आले आणि त्यांनी पुण्याच्या मुख्य ऑफिसात जाहीर केलं की आपल्याकडे मॅनेजर फार झाले, लीडर एकही नाही. मग सगळ्या कारखान्यांच्या प्रमुखांना लोणावळ्याला एका रिसॉर्टमध्ये शिबिराला धाडण्यात आलं. तिथं काय काय झालं ते मला सोबत गेलेल्या अकाउंट्सवाल्यांनी सांगितलं. साहेबांनी स्वतः त्यावर कधी चकार शब्द काढला नाही.

शिबिरात एक खेळ होता. एकाने स्टुलावर उभं राहून डोळे मिटायचे आणि पाठमोरं खाली पडायचं. बाकीच्यांनी त्याला हातांवर झेलायचं. यातून म्हणे विश्वास वाढतो. साहेबांची पाळी आली. ते स्टुलावर चढले, स्टूल हलवून पाहिलं, मग खाली उतरले. झेलणाऱ्यांना एकदा निरखून त्यांनी दोघांच्या जागा बदलल्या, उंच माणूस डोक्याच्या बाजूला घेतला, एकाला हातातलं घड्याळ काढायला लावलं, आणि मग वर जाऊन बिनधास्त पडले. अलगद झेलले गेले. त्यांच्याआधी पडलेल्या माणसाची कंबर रात्रभर शेकावी लागली होती. प्रशिक्षकाने साहेबांच्या नावापुढे शेरा मारला: सहकाऱ्यांवर विश्वास नाही.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला आपलं 'व्हिजन' लिहायला सांगितलं. लोकांनी सूर्य काढले, डोंगर काढले, गरुड काढले. साहेबांनी लिहिलं, 'सोमवारी माल गेला पाहिजे.' प्रशिक्षक हसून म्हणाला की सर, व्हिजन एवढं जवळचं नसतं, पुढची दहा वर्षं डोळ्यांसमोर आणा. साहेबांनी डोळे मिटून दहा वर्षं डोळ्यांसमोर आणली आणि आधीच्या वाक्याच्या अलीकडे एक शब्द वाढवला: 'दर.'

शेवटच्या सत्रात त्या प्रशिक्षकाने उदार होऊन सांगितलं की तसं पाहिलं तर मॅनेजमेंटही लागतं आणि लीडरशिपही लागते, खरी कसोटी दोन्हींचा समतोल साधण्याची. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि ते जेवायला गेले. आमच्या साहेबांनी मात्र ही सूचना कामाची म्हणून घेतली. त्यांना सांगितलेलं काम ते करत, आणि पद्धतशीर करत. परत आल्यावर आठवड्याच्या आत त्यांच्या केबिनमध्ये काळी, उंच पाठीची, गरागरा फिरणारी खुर्ची आली. जुनी लाकडी खुर्ची हलली नाही. तिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती, ती बसलेली जागा मोडायला नको म्हणून. साहेबांनी मला बोलावून व्यवस्था समजावून सांगितली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत लाकडी खुर्ची, म्हणजे मॅनेजमेंट. सुट्टीनंतर फिरती, म्हणजे लीडरशिप. झाला समतोल. मी वहीत लिहून घेतल्यासारखं केलं आणि बाहेर येऊन पोटभर हसले.

मग जे सुरू झालं ते बघायला कारखान्यात तिकीट लावलं असतं तरी चाललं असतं. लाकडी खुर्चीवरचे साहेब सिल्लोडचे होते. "काय रे गायकवाड, मशीन कामून बंद हाये? उगं तोंडाकडं काय पाहू राहिलास? जा, तेल कुठून गळतंय ते पाय आन् मंग ये." फिरत्या खुर्चीवर बसले की तेच साहेब पुस्तकातलं बोलू लागत. आवाज खाली येई, बोटांची टोकं एकमेकांना चिकटत, आणि खुर्ची किंचित डावी-उजवीकडे झुलत राही.

"गायकवाड, या अडचणीकडे आपण संधी म्हणून पाहूया."

"साहेब, तेल गळू राहिलंय."

"गळू द्या. आधी मला सांगा, या क्षणी तुमच्या आत काय आहे?"

गायकवाडने प्रामाणिकपणे विचार केला. "आत्ता तं भूक हाये साहेब. डबा राह्यलाय खायचा."

सगळ्यात मोठी गंमत अशी, की या दोन खुर्च्यांची एकमेकींशी ओळखच नव्हती. आमच्याकडे शफीक नावाचा फिटर आहे. त्याच्या बहिणीचं बाळंतपण अडलं म्हणून तो दुपारी रजा मागायला आत गेला. फिरती खुर्ची म्हणाली, "शफीक, कुटुंब आधी. मनात शंका न ठेवता जा." शफीकचे डोळे भरून आले. तो गेला, भाचा झाला, पेढे घेऊन परत आला, तर त्याच्या हातात विनापरवानगी गैरहजेरीची नोटीस पडली. लाकडी खुर्चीने सकाळी हजेरी तपासली होती आणि अर्ज काही सापडला नव्हता. शफीक नोटीस घेऊन माझ्याकडे आला. मी त्याला जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबवलं आणि मग आत पाठवलं. साहेबांनी नोटीस वाचली, कपाळाला आठ्या घातल्या.

"फार वाईट भाषा आहे ही. कुणी दिली?"

"तुमीच, साहेब."

साहेब थोडा वेळ झुलले. "बरं," ते म्हणाले, "मी बोलतो त्यांच्याशी."

शफीक बाहेर येऊन मला म्हणाला, "मॅडम, बात करेंगे बोले. पर किससे?" मी म्हटलं, पेढे दे आणि जा.

आम्ही हसत होतो तोवर सगळं ठीक होतं. पुढे एक दिवस असा आला की हसू आटलं. तो दिवस पॅकिंग विभागावर आला.

काच मशीनमधून निघाली की तिच्यावर नखाचाही ओरखडा उठतो. म्हणून ती मऊ कागदात गुंडाळून, खोक्यात आडवे-उभे पुठ्ठे लावून बसवायची असते. हे काम बायका करत. बहुतेक चितेगावच्या आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या, वयाने चाळिशीच्या पुढच्या. शेजारपाजारच्या कारखान्यांत या वयाच्या बाईला फाटकावरूनच परत पाठवतात. त्यामुळे ही नोकरी गेली तर दुसरी नाही, हे त्यातल्या प्रत्येकीला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या प्रमुख शकुंतलाबाई खरात. गोऱ्या, ठेंगण्या, अर्धे केस पांढरे, आणि आवाज मशीनच्या वर चढणारा. नवरा अंथरुणाला खिळलेला आणि मुलगी नर्सिंग शिकत असलेली. घर त्यांच्या एकटीच्या पगारावर उभं होतं. साहेबांना लागणाऱ्या पुठ्ठ्याच्या घड्याही त्याच पुरवत, आणि देताना बोलत, "काय साहेब, आज कोनाचा पाय आखूड झाला?"

पुण्याच्या ऑफिसात टूम निघाली की पॅकिंग तिकडच्या मोठ्या कारखान्यात न्यावं. तिकडं पॅकिंगचं मशीन घेतलंय. बातमी उडत उडत चितेगावात आली आणि बायकांच्या डब्यातली भाजी एकमेकींत फिरायची थांबली. नेमका त्याच वेळी कंपनीचा वर्धापनदिन आला. पटांगणात मांडव घातला. दोन माणसांनी साहेबांची फिरती खुर्ची उचलून स्टेजवर नेऊन ठेवली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. साहेब तिच्यावरून उठले, माइकपाशी गेले आणि बोलता बोलता रंगले. आपण एक कुटुंब आहोत वगैरे झालं. मग म्हणाले, "मी या कारखान्यात आहे तोवर पॅकिंगमधल्या माझ्या एकाही बहिणीच्या पोटावर पाय येऊ देणार नाही. हा माझा शब्द आहे." टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेत बायका पदराने डोळे पुशीत होत्या. खोटं कशाला बोलू, मीही जोरजोरात टाळ्या वाजवत होते.

दोन दिवसांनी लाकडी खुर्चीवर बसून साहेबांनी पुण्याला हवा असलेला अहवाल तयार केला. नेहमीप्रमाणे चोख. पॅकिंग पुण्याला नेणं फायद्याचं आहे, इथला विभाग महिनाअखेरीस बंद करावा. मला आत बोलावून बायकांचे कागद तयार करायला सांगितले. मी उभीच राहिले.

"साहेब, परवा स्टेजवर तुम्ही..."

"परवाचं परवा," साहेब मान वर न करता म्हणाले. "ते लीडरशिप होतं. हे काम हाये."

आणि मग त्यांनी जे केलं ते फक्त वाघचौरेच करू शकत. दुसरा कुणी असता तर महिनाअखेरीपर्यंत मूग गिळून बसला असता. साहेब तडक पॅकिंगमध्ये गेले, पुठ्ठ्यांच्या थप्पीवर टॉर्च मारली आणि म्हणाले, "शकुंतलाबाई, नवे पुठ्ठे फोडू नका. जुने आधी संपवा. महिन्याच्या शेवटाला सेक्शन बंद होऊ राहिलाय, उगं माल पडून राहील." एवढं सांगून ते पुढच्या खात्यात निघून गेले. त्यांच्या दृष्टीने ही पुठ्ठ्यांची सूचना होती.

शकुंतलाबाई वर आल्या तेव्हा मला काहीही न विचारता सरळ केबिनमध्ये शिरल्या. दार उघडंच राहिलं. साहेब लाकडी खुर्चीवर होते.

"साहेब, उठा."

"आं?"

"त्या दिशीच्या खुर्चीवर बसा. मला त्या साहेबाशी बोलायचंय. तुमच्याशी नाय."

 साहेब खरंच उठले. दोन पावलं फिरत्या खुर्चीकडे गेले, तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिथंच थांबले. खुर्ची हाताखाली थोडी वळली.

"बसा ना," शकुंतलाबाई म्हणाल्या. "बसा आन् तेच बोला परत. माझी पोरगी आली होती त्या दिशी. घरी जाऊन बापाला सांगितलं तिनं, की आईचं काम जात नाय, साहेबानं शब्द दिला. आता म्या तिला काय सांगू? कुठल्या खुर्चीनं दिला, ते सांगू?"

साहेबांनी खुर्चीवरचा हात काढून घेतला. तोंडून ना सिल्लोडचं काही बाहेर आलं, ना पुस्तकातलं. शकुंतलाबाई जायला वळल्या. दारातून त्यांनी लाकडी खुर्चीच्या पायाकडे बोट दाखवलं. "तिच्याखाली बी आमचाच पुठ्ठा हाये," एवढं म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

त्यानंतर काही दिवस साहेब कुठल्याच खुर्चीवर बसले नाहीत. लोक विचारायला येत आणि मी सांगे, "उभे आहेत." लोकांना घाम फुटे, उभ्या साहेबाशी कसं वागायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. काच जिथं साच्यात घडते त्या मोल्डिंगपासून पॅकिंगपर्यंत ते मोजपट्टी घेऊन फिरत. ट्रक कधी येतो, काच कुठं पडून राहते, कुणाच्या हातून कितीदा उचलली जाते, बघत राहत. बायकांपाशी जाऊन उभे राहत, पण बोलत नसत. बायका मान खाली घालून खोकी भरत राहत. मला त्या दिवसांत साहेबांचा राग आला होता आणि कीवही येत होती, आणि दोन्ही एकदम वाटणं फार त्रासाचं असतं.

अहवालावर सही करायला ठरल्या दिवशी धाकटे मालक पुण्याहून आले आणि केबिनमध्ये शिरताच आपसूक फिरत्या खुर्चीवर बसले. साहेबांनी शकुंतलाबाईंना बोलावणं धाडलं. त्या आल्या. साहेबांनी लाकडी खुर्ची एकदा हलवून पाहिली आणि म्हणाले, "बसा." त्या बसल्या. साहेब उभे राहिले. मी कागद घेऊन दाराशी. धाकट्या मालकांना वाटलं असावं, हाही एखादा खेळच आहे, कारण ते उत्साहाने हसले.

साहेब बोलायला लागले ते सिल्लोडच्या भाषेत. मालकांसमोर असं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

"मालक, म्या यांना शब्द दिला. देताना हिशेब केला नाय. मंग हिशेब केला, तवा शब्द आठवला नाय. दोन्ही येळेला चूक माझीच. तो अहवाल म्या माघारी घेतो. आता जे सांगतो ते हिशेबानं सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. रात्रपाळीची काच सकाळपर्यंत पडून राहते, मग गोडाऊनमध्ये जाते, मग परत पॅकिंगला येते. या ने-आणीतच ओरखडे पडतात. पॅकिंगची टेबलं थेट मोल्डिंग मशीनला लावायची. काच निघाली की जागच्या जागी खोक्यात. मग भाड्याचं गोडाऊन लागणार नाही. बायकांनी दोन पाळ्यांत यायचं. पहाटेच्या पाळीने रात्रीची काच जागेवरच भरायची, आणि तिला आणायला कंपनीची गाडी वस्त्यांवरून फिरवायची. "बायांना पटतंय का, ते मला नाय, त्यांना इचारा," असं म्हणून त्यांनी शकुंतलाबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "गाडी येळंवर आली तं पटतंय. नाय आली तं साहेबाच्या दारात येऊन बसू." साहेब म्हणाले, "लिहून घ्या मॅडम." मग मालकांकडे वळून, "आन् मालक, ते लोणावळा बी बंद करू. तितकाच खर्च वाचंल."

"लोणावळा का?" धाकटे मालक दुखावले गेले.

"तिथं पडायला शिकवत्यात. इथं पडून चालत नाय."

मालक खुर्चीवर डावीकडे फिरले, उजवीकडे फिरले. आकडे चांगले आहेत म्हणाले, पण या मांडणीत त्यांना नेतृत्व कुठं दिसत नव्हतं. शेवटी दिवाळीपर्यंत मुदत दिली. जमलं तर विभाग राहील. नाही जमलं तर विभाग बंद, आणि जबाबदारी म्हणून साहेबांनाही जावं लागेल. "चालंल," साहेब म्हणाले. इतक्या चटकन, की शकुंतलाबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं.

दिवाळीपर्यंतचे ते दिवस काही गोड नव्हते. टेबलं हलवली तर वायरी आखूड पडल्या. पहाटेची गाडी चिखलात रुतली. एकदा ट्रक फाटकात उभा आणि खोकी तयार नाहीत, तेव्हा साहेब स्वतः बायकांच्या रांगेत जाऊन काचा गुंडाळायला लागले. शकुंतलाबाईंनी थोडा वेळ सहन केलं. मग त्यांच्या हातातली काच काढून घेत म्हणाल्या, "साहेब, तुमी तिकडं उभं राहून लोकांवर वरडा बरं. तुमच्यानं माल खराब होऊ राहिलाय." साहेब निमूट बाजूला झाले आणि ओरडायला लागले. सगळ्या बायका हसल्या. कितीतरी दिवसांनी त्या खात्यात हसण्याचा आवाज आला होता.

माझं महत्त्व मात्र त्याच काळात संपलं. कुणी खुर्ची विचारली तर सांगून उपयोग होईना. साहेब फिरत्या खुर्चीवर बसून तेलाची चौकशी करू लागले. लाकडी खुर्चीवर बसून एकदा त्यांनी शफीकला विचारलं, "भाचा कसा हाये रे तुझा?" शफीक इतका घाबरला की त्याने मागितलेली रजा परत घेतली.

दिवाळीला ओरखड्यांच्या तक्रारी जवळपास थांबल्या होत्या. गोडाऊन सोडून दिलं होतं. विभाग राहिला. पुढच्या महिन्यात कंपनीच्या मासिकात धाकट्या मालकांचा मोठा फोटो आला: त्यांच्या दूरदर्शी नेतृत्वामुळे चितेगावचा पॅकिंग विभाग कसा वाचला, याची दोन पानी हकिगत. आतल्या पानावर, वाढदिवसांच्या खाली, वाघचौरे साहेबांच्या निवृत्तीची बातमी होती. वय झालं होतंच, थोडं थांबवून घेता आलं असतं, पण मुख्य ऑफिसला ताजं नेतृत्व हवं होतं. निरोप समारंभात त्यांना एक काचेचं सन्मानचिन्ह मिळालं, त्यावर 'उत्कृष्ट व्यवस्थापक' असं कोरलेलं. साहेबांनी ते टेबलावर ठेवून हलवून पाहिलं. ते डुगडुगलं नाही. "ठीक हाये," ते म्हणाले.

नव्या प्रमुखांनी येताच दोन्ही खुर्च्या काढल्या. ते उंच टेबलाशी उभं राहून काम करतात. बसल्याने ऊर्जा कमी होते म्हणे. फिरती खुर्ची फाटकावरच्या वॉचमनला मिळाली. आता आमच्या कंपनीत लीडरशिपच्या जागी तो एकटाच आहे. लाकडी खुर्ची पॅकिंगच्या बायका स्वतः येऊन घेऊन गेल्या. मला मात्र लोक अजून विचारतात, नवे साहेब कसे आहेत आज? आणि मला काही सांगता येत नाही.

वाघचौरे साहेबांना मी शेवटचं पाहिलं ते शकुंतलाबाईंच्या मुलीच्या लग्नात. मुलगी नर्स झाली होती, शहरातल्या दवाखान्यात लागली होती. चितेगावातल्या विहाराशेजारच्या सभागृहात मंगल परिणय होता. वंदना झाली, वधूवरांवर फुलं पडली, आणि मग आपल्याकडे होतं तेच झालं: भाषणं. गावात जेवढे नेते होते तेवढे सगळे स्टेजवर होते. प्रत्येकाने नव्या जोडप्याला आशीर्वाद देता देता स्वतःच्या कामाचा आढावा घेतला. मागे वरण थंड होत होतं. पुरुषमंडळी हळूहळू जेवणाच्या टेबलांकडे सरकून जागा धरत होती. बायका लेकरं घेऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या. पॅकिंगमधल्या सगळ्या त्यांतच, आणि शकुंतलाबाई पाहुण्यांची उठबस करत कुठंतरी मधे.

कुणीतरी पुकारलं, "आता वाघचौरे साहेब दोन शब्द बोलतील." मला धडकीच भरली. मला तो वर्धापनदिन आठवला. साहेब कोपऱ्यातून आले, पाठीला थोडा बाक आलेला, खिशात टॉर्च तशीच. माइक घेतला. सभागृहावरून एकदा नजर फिरवली.

"जेवण तयार हाये," ते म्हणाले. "पयली पंगत बायांची. पॅकिंगवाल्या आधी बसतील. जन्मभर शेवटी जेवल्यात त्या. जागा धरून बसलेल्या पुरुषांनी उठा आन् वाढायला या. गायकवाड, तू वरण घे. शफीक, भात तुझ्याकडं."

माइक खाली ठेवला.  मग गायकवाड उठला, शफीक उठला, आणि त्यांच्यामागे खुर्च्या सरकल्याचे आवाज सुरू झाले. स्टेजवरच्या एका नेत्यानेही बाह्या वर केल्या. बायका आधी संकोचल्या, मग बसल्या. मीही बसले. शकुंतलाबाई काही केल्या बसेनात, आईने कसं बसायचं म्हणत होत्या, तर मुलीनेच त्यांना धरून आणलं आणि माझ्या समोर बसवलं. ताट वाढलं, आणि त्यांनी हात लावताच टेबल डुगडुगलं. वरणाचा ओघळ ताटाच्या काठापर्यंत आला.

साहेब पलीकडे पोळ्या वाढत होते. त्यांनी पाहिलं. टोपली माझ्या हातात दिली, मिठाईच्या रिकाम्या खोक्याचा एक कोपरा फाडला, त्याची घडी घातली आणि गुडघ्यावर हात टेकत टेकत टेबलाखाली वाकले. शकुंतलाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, मला समोर बसूनही नीट कळलं नाही.

साहेब उठले, टेबल एकदा हलवून पाहिलं.

"आता हलत नाय," ते म्हणाले. "जेवा."